पांढऱ्या बाहुलीमागचा डोळा

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’ हा सल्ला विदर्भातल्या खेड्यांत अजून ऐकू येतो. तो एके काळी डॉक्टरांनीच दिलेला होता. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सोय नव्हती तेव्हा शस्त्रक्रियेनंतर पदरी पडायचा तो अधिक दहाच्या आसपासचा जाडजूड चष्मा. त्यातून दिसणारे जग फुगलेले, कडा वाकलेल्या, आणि बाजूचे तर काही दिसतच नसे. अशा चष्म्यासाठी थोडेफार दिसणारा डोळा कापून घ्यायला कोण तयार होईल? त्या काळात थांबणे शहाणपणाचे होते. शिवाय पूर्ण पिकलेले भिंग जुन्या पद्धतीने बाहेर काढणेही सोयीचे जाई. पुढे शस्त्रक्रिया बदलली, चष्मा गेला, टाके गेले. सल्ला मात्र गावात मुक्कामाला राहिला. म्हणून आजही अनेक रुग्ण दवाखान्याची पायरी चढतात तेव्हा त्यांची बाहुली पांढरीफटक झालेली असते. नेत्रवैद्यकाची जवळजवळ सगळी साधने प्रकाशावर चालतात. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जगापुढे ठेवलेला ऑफ्थॅल्मोस्कोप असो, स्लिट लॅम्प असो, की १९९१ नंतर आलेले ओसीटी. पांढऱ्या बाहुलीपुढे ती सगळी एकदमच हतबल होतात. आत पडदा जागेवर आहे का, जेलीत रक्त साचले आहे का, एखादी गाठ वाढते आहे का, या प्रश्नांची उत्तरे तिथे आवाजाकडूनच मिळवावी लागतात.

डोळ्याची सोनोग्राफी हा विषय पाठ्यपुस्तकांत बहुधा शेवटी येतो, ‘पूरक तपासण्या’ अशा शीर्षकाखाली. ज्या देशांत भिंग धूसर होऊ लागताच माणूस शस्त्रक्रिया करून घेतो, तिथे हे स्थान ठीक आहे. पण एखाद्या प्रदेशाला या तपासणीची किती गरज आहे, हे तिथली यंत्रे किती आधुनिक आहेत यावरून ठरत नाही. तिथली माणसे उपचारापर्यंत किती उशिरा पोचतात यावरून ठरते. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या नेत्रविभागात यवतमाळ, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्या रुग्णाचा विचार केला, तर ही तपासणी पूरक राहत नाही. ती पहिल्या रांगेत येऊन बसते. या पुस्तकाची मांडणी याच समजुतीवर उभी आहे, आणि ती समजूत कशावर आधारलेली आहे ते सांगणे हे या प्रस्तावनेचे काम.

आधी तत्त्व. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. डोळ्यासाठी वापरला जाणारा प्रोब सेकंदाला सुमारे १ कोटी कंपने पाठवतो, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. पोटाच्या सोनोग्राफीत ही वारंवारता साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झ असते. वारंवारता जितकी जास्त तितके बारकावे स्पष्ट, पण आवाज तितक्याच लवकर विरून जातो. पोटाच्या तपासणीत ही देवघेव अडचणीची ठरते, डोळ्यात ती पथ्यावर पडते, कारण नेत्रगोलाची लांबी जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटिमीटर आणि आत बहुतांश पाणी. ध्वनीच्या दृष्टीने शरीरात इतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. व्हिट्रिअसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जेलीत, आवाज सेकंदाला १५३२ मीटर वेगाने जातो. भिंगातून १६४१ मीटर. कॉर्निआपासून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणापासून, पडद्यापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या तिप्पट वेळ लागतो. यंत्र प्रत्यक्षात मोजते ते एवढेच. लांबी हा त्या वेळेतून काढलेला निष्कर्ष असतो, आणि निष्कर्षाला गृहीतक लागते. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेले असेल तर आवाजाचा वेग सेकंदाला ९८० मीटरच्या आसपास उतरतो. यंत्राला हे कुणी सांगितले नाही, तर जेलीच्या जागेची लांबी ते दीडपटीहून जास्त दाखवते, आणि तीही दोन दशांश स्थळांपर्यंत, अगदी ठामपणे. डोळ्याच्या सोनोग्राफीतल्या बहुतेक चुका या जातीच्या असतात. आकडा बरोबर असतो, त्यामागचे गृहीतक चुकलेले असते.

परतलेला आवाज दोन तऱ्हांनी दाखवता येतो. एका सरळ रेषेवरचे प्रतिध्वनी उभ्या टोकांच्या रूपात काढले की ए-स्कॅन. अशा अनेक रेषा शेजारी मांडून ठिपक्यांचे चित्र उमटवले की बी-स्कॅन. या दोन तऱ्हांभोवतीच या शास्त्राचे संप्रदाय उभे राहिले. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाबामुळे स्फटिकात वीज निर्माण होते हे दाखवले, पहिल्या महायुद्धात लांजव्हँने त्या गुणाचा उपयोग पाणबुड्यांच्या शोधासाठी केला, ही पूर्वपीठिका सर्वांची सारखीच. डोळ्यापुरता इतिहास १९५६ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेत मंट आणि ह्यूज यांनी डोळ्यातल्या गाठीवर ए-स्कॅन वापरला. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये ओक्साला यांनी ते काम हाती घेतले, आणि १९५८ मध्ये बॉम व ग्रीनवूड यांनी डोळ्याचे पहिले बी-स्कॅन चित्र मिळवले. तेव्हा डोळा पाण्यात बुडवून ठेवावा लागे. १९७२ मध्ये ब्रॉन्सन यांनी थेट पापणीवर टेकवायचा हातातला प्रोब आणला आणि ही विद्या प्रयोगशाळेतून ओपीडीत आली.

संप्रदायांतला खरा मतभेद यंत्राचा नव्हता, पुरावा कशाला म्हणायचे याचा होता. व्हिएन्नात सुरुवात करून पुढे आयोवात स्थिरावलेले कार्ल ओसोइनिग यांचा भर आकड्यांवर होता. यंत्राची संवेदनशीलता ठरावीक नमुन्यावर प्रमाणित करायची, आणि मग गाठीच्या आतली टोके किती उंच, त्यांची चढण कशी, ती थरथरतात का, यावरून ऊतक ओळखायचे. कोरॉइडचा, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराचा, मेलानोमा आतून बुटकी, उतरत जाणारी टोके देतो. रक्तवाहिन्यांची गाठ म्हणजे हिमँजिओमा उंच आणि भरगच्च देतो. न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रावर भर दिला. आकार, जागा, शेजार यांवरून निदान, आणि पुढे परतलेल्या लहरींचे वर्णपट-विश्लेषण. आज सामान्य दवाखान्यात कोलमनचा वारसा जिंकलेला दिसतो, कारण चित्र सगळ्यांना वाचता येते असे वाटते. हे वाटणे धोक्याचे आहे. चित्र पाहून ज्याला गाठ म्हटले ती नुसती रक्ताची गुठळी निघण्याचे प्रकार टोकांकडे दुर्लक्ष केल्यानेच होतात. तिसरी शाखा टोरँटोत उगवली. पॅव्हलिन आणि फॉस्टर यांनी १९९० च्या सुमारास ५० मेगाहर्ट्झपर्यंत जाणारे अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोप पुढे आणले. त्याची नजर फक्त ५ मिलिमीटर खोल जाते, पण बुबुळामागचा जो कोपरा प्रकाशाला दिसत नाही तो त्याला स्वच्छ दिसतो. काचबिंदूच्या काही प्रकारांची समज त्यामुळेच बदलली.

आपल्याकडे या विद्येचा सर्वाधिक वापर निदानासाठी झालाच नाही. तो झाला लेन्सचा नंबर काढण्यासाठी. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा शिबिरांत भिंग काढून चष्मा दिला जाई. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या मोतीबिंदू प्रकल्पात सात राज्ये होती, त्यांत महाराष्ट्रही होता, आणि त्या काळात कृत्रिम भिंग हे शहरी श्रीमंतांचे लेणे न राहता शिबिरापर्यंत पोचू लागले. भिंग बसवायचे म्हटले की किती शक्तीचे, हा प्रश्न आला. सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांच्या १९८० च्या सूत्रात डोळ्याच्या लांबीला अडीचने गुणतात. म्हणजे लांबी १ मिलिमीटरने चुकली की चष्म्याचा नंबर सुमारे अडीचने चुकणार. आणि प्रोब कॉर्निआवर जरा जास्त टेकला तरी डोळा दाबला जाऊन दोन-तीन दशांश मिलिमीटर कमी भरतो. म्हणूनच पाण्याच्या कपातून, डोळ्याला न टेकता मोजण्याची पद्धत अधिक भरवशाची मानतात. ती पाच मिनिटे जास्त खाते, एवढाच तिचा दोष.

हा प्रश्न किती स्थानिक आहे याचा सर्वांत चांगला पुरावा नागपूरजवळचाच आहे. सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया यांनी जर्मनीतल्या योस्ट योनास यांच्या साथीने केलेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीमध्ये नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांतले तिशीपुढचे ४७११ रहिवासी तपासले गेले. २००६ ते २००८ या काळात झालेल्या या पाहणीत डोळ्याची लांबी सोनोग्राफीने मोजली होती. सरासरी भरली २२.६ मिलिमीटर. पाश्चात्त्य पुस्तकांत प्रौढ डोळ्याची लांबी साडेतेवीसच्या आसपास धरलेली असते. या फरकाची काही भरपाई कॉर्निआच्या अधिक वक्रतेने होते हे खरे, तेव्हा सरळ वजाबाकी करून अडीचने गुणण्याचा मोह टाळावा. पण त्या पाहणीतला माझ्या मते अधिक बोलका आकडा सरासरीचा नाहीच. सर्वांत आखूड डोळा १८.२२ मिलिमीटरचा होता, सर्वांत लांब ३४.२० मिलिमीटरचा. आठ खेड्यांत एवढा पल्ला! ‘सगळ्यांना साधारण एकवीसचे भिंग चालून जाते’ हा शिबिरांच्या सुरुवातीच्या काळातला हिशेब या पल्ल्यापुढे टिकत नाही. त्यातही, लांबट डोळ्यात मागचा भाग फुगून बाहेर गेलेला असू शकतो, आणि अशा वेळी ए-स्कॅनची रेषा नेमकी दृष्टिबिंदूवर पडली की फुगवट्याच्या उतारावर, हे बी-स्कॅनवर पाहिल्याशिवाय कळत नाही. मोजमाप आणि निदान यांची फारकत इथे संपते.

निदानाचे क्षेत्र जिथे जास्त दाटीचे आहे तिथे जरा थांबू. पांढऱ्या मोतीबिंदूमागे पडदा आधीच सुटलेला असू शकतो. तपासणी न करता शस्त्रक्रिया केली, ती निर्दोष पार पडली, भिंग नेमके बसले, आणि रुग्णाला दिसलेच नाही, तर गावात बातमी जाते ती एवढीच की ऑपरेशन केले आणि डोळा गेला. त्या एका बातमीमुळे आणखी किती जण मोतीबिंदू पिकवत बसतात याची मोजदाद कुणी करत नाही. विदर्भात डोळ्याच्या आत रक्त साचण्याची कारणेही एकापेक्षा जास्त आहेत. मधुमेह सगळीकडचाच. तरुण पुरुषांत दिसणारा ईल्सचा आजार भारतीय उपखंडात विशेष आढळतो. आणि सिकलसेल हा तर इथला जुना सोबती. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध १९५८ मध्येच प्रसिद्ध केला होता. या आजारात पडद्याच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. काही रुग्णांत नव्या नाजूक वाहिन्या फुटून जेलीत रक्त उतरते. अशा रक्तामागे पडदा ओढला जातो आहे का, हे ठरवल्याशिवाय ‘रक्त आपोआप विरघळेल, थांबा’ हे म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला मिळत नाही.

दुखापतींची यादी तर विदर्भाच्या जीवनाचीच यादी होईल. विटी लागलेली पोरे, दिवाळीतले फटाके, तुऱ्हाट्या आणि बाभळीचे काटे, गिट्टी फोडताना उडालेला दगड, हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला लोखंडाचा कण. हा कण कॉर्निआत बारीकसे भोक पाडून आत जातो, भोक बुजते, आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावरही जातो. लोखंड आत राहिले तर महिन्यांनी पडदा जळतो. सोनोग्राफीत असा कण झगमगतो आणि आपल्यामागे सावली पाडतो. यंत्राचा आवाज, म्हणजे गेन, कमी करत नेला, आजूबाजूचे सगळे मावळले, तरी तो तेवढा उरतो. मात्र डोळा उघडा फुटलेला असेल तर प्रोब टेकवायचा नाही, दाब द्यायचा नाही, हा नियम त्याआधीचा.

आत एखादा पापुद्रा दिसला की तो पडदा, की सुटलेली जेली, की कोरॉइड, हा या विद्येतला रोजचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. त्याचे उत्तर शरीररचनेत आहे. पडदा मागे नसेच्या मुखाशी आणि पुढे ओरा सेराटाशी, म्हणजे त्याच्या पुढच्या कडेशी, घट्ट चिकटलेला असतो; म्हणून सुटला तरी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसतो आणि त्याचे टोक नसेपाशीच राहते. कोरॉइडला धरून ठेवणाऱ्या शिरा नसेच्या मुखाच्या बऱ्याच पुढे असतात, म्हणून ते घुमटासारखे फुगते आणि नसेपर्यंत पोचत नाही. जेलीचा पापुद्रा मागे नसेपाशी असा बांधलेला राहतोच असे नाही. ए-स्कॅनवर पडद्याचे टोक भिंतीइतके उंच जाते, जेलीचे सहसा तेवढे जात नाही. तरीही शंका उरली, तर रुग्णाला डोळा हलवायला सांगतात. डोळा थांबल्यावरही जेली डुलत राहते, जुना सुटलेला पडदा ताठर असतो, कोरॉइड जवळजवळ हलतच नाही. ही हालचाल छापील फोटोत मावत नाही. म्हणून बी-स्कॅनचा एक कागद पाहून मत देणे म्हणजे गाण्याची नोटेशन पाहून गायकाबद्दल मत देण्यासारखे आहे.

इथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो बिनतोड आहे असे पुष्कळांना वाटते. तपासणी एवढी हातावर अवलंबून असेल तर तिच्यावर विश्वास का ठेवायचा? सीटी किंवा एमआरआयमध्ये तंत्रज्ञ बदलला तरी चित्र फारसे बदलत नाही. आक्षेपातले निरीक्षण मान्य आहे, निष्कर्ष नाही. सीटीला लोखंडाचा कण उत्तम दिसतो, पण पातळ पडदा नीट दिसत नाही. आणि लोखंडाचा संशय असलेल्या डोळ्याला एमआरआयच्या चुंबकात घालणे घातक. डोळ्यात हालचाल पाहता येते ती सोनोग्राफीतच. हातावर अवलंबून असणे हा दोष आहे तसाच तो गुणही आहे, कारण तपासणाऱ्याला शंका आली की तो त्याच क्षणी कोन बदलून ती तपासू शकतो. उपाय हात काढून टाकण्यात नाही. हात घडवण्यात आणि नोंद शिस्तीने ठेवण्यात आहे. प्रोबची खूण कोणत्या दिशेला होती, घड्याळाच्या कितव्या आकड्यावरचा छेद, यंत्राचा गेन किती, हे लिहिले नाही तर उद्या दुसऱ्याने केलेली तपासणी आजच्याशी ताडताच येणार नाही.

दुसरा आक्षेप नव्या यंत्रांचा. १९९९ पासून प्रकाशाने लांबी मोजणारी यंत्रे आली. ती डोळ्याला टेकत नाहीत आणि अधिक नेमकी आहेत. ज्याला ती परवडतात आणि ज्याचा रुग्ण वेळेवर येतो त्याने ती जरूर वापरावीत, याबद्दल वाद नाही. परंतु पांढऱ्या मोतीबिंदूत तीही थबकतात, आणि तेव्हा ज्या निवासी डॉक्टरने वर्षभर ए-स्कॅन हातात धरलेला नाही त्यालाच सर्वांत अवघड डोळा मोजावा लागतो. सोपे डोळे यंत्राकडे गेले की अवघड डोळ्यांसाठीचा सराव आटतो. हा तोटा बाजारातल्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. चित्रे आपोआप वाचणाऱ्या संगणकीय प्रणालींबाबतही तेच. त्या चांगल्या काढलेल्या चित्रावर चांगले मत देतील. चुकीच्या कोनातून काढलेले चित्र दुरुस्त करायला हातच लागेल.

महाराष्ट्रात ‘सोनोग्राफी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यासमोर गर्भ येतो, आणि त्यामागोमाग ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी. त्याला कारण आहे. गर्भलिंग चाचण्यांवर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. डोळ्याचा १० मेगाहर्ट्झचा प्रोब चार-पाच सेंटिमीटरपलीकडे पाहू शकत नाही, हे रुग्णाच्या नातेवाइकांना सांगण्याची वेळ आजही येते. मात्र उलट दिशेचा निष्काळजीपणा अधिक गंभीर वाटतो. पोटाच्या यंत्राचा बारीक प्रोब डोळ्यावर टेकवणे आता अपघात विभागांत रूढ होत आहे. मेंदूतला दाब वाढला का हे नसेच्या आवरणाच्या रुंदीवरून, नेत्रगोलाच्या ३ मिलिमीटर मागे मोजून, अजमावता येते. उपयोग खरा आहे. पण भिंगाला रक्तपुरवठा नाही, तिथली उष्णता वाहून नेणारे काही नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने इतर अवयवांसाठी ध्वनीच्या तीव्रतेची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॉट ठेवली असताना डोळ्यासाठी ती ५० च ठेवली. यंत्रात डोळ्याचा पर्याय निवडल्याशिवाय प्रोब पापणीवर ठेवू नये.

आता पुस्तकाविषयी. ते नेत्रविभागातल्या निवासी डॉक्टरांसाठी आहे, शिबिरांत लेन्सचा नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट व नेत्रसहायकांसाठी आहे, आणि आपल्या आईच्या किंवा मुलाच्या डोळ्याचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या, समजून घेऊ पाहणाऱ्या वाचकासाठीही आहे. म्हणून रोगांच्या यादीने ते सुरू होत नाही. डोळ्यातले काय कुठे बांधलेले आहे आणि आवाज तिथून कसा परततो इथून सुरू होते, आणि रोग त्या वाटेवर भेटत जातात. गाठींवरचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली आणि सोनोग्राफीत चुन्याचे कण व त्यांच्या सावल्या आढळल्या, तर रेटिनोब्लास्टोमाचा, म्हणजे पडद्याच्या कर्करोगाचा, विचार त्याच दिवशी व्हायला हवा. तिथे उशिराची किंमत डोळ्याने नव्हे, जिवाने मोजली जाते.

हे मराठीत का, असे विचारले जाईल, कारण नेत्रवैद्यकाचे शिक्षण इंग्रजीत होते. सँड्रा बर्न आणि रोनाल्ड ग्रीन यांचा १९९२ चा ग्रंथ आजही पायाभूत मानावा असा आहे, आणि त्याची जागा घेण्याचा इथे दावा नाही. पण ही तपासणी अर्धी रुग्णाकडून करून घ्यावी लागते. वर बघा, आता नाकाकडे, डोळा तिथेच धरा, आता पटकन खाली. हे ज्याला रुग्णाच्या बोलीत, त्याला न घाबरवता सांगता येत नाही, त्याला हलत्या पापुद्र्याचे निदान करता येणार नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीतल्या सूचनाही कधी कधी पुरत नाहीत. त्यामुळे परिभाषेबाबत धोरण साधे ठेवले आहे. जे शब्द दवाखान्यात रुळलेले आहेत, प्रोब, गेन, ए-स्कॅन, ते तसेच. ज्यांना लोकांचे शब्द आहेत, पडदा, नस, बाहुली, तिथे लोकांचे. ‘बुबुळ’ या शब्दाने मात्र खूप छळले: कुणी कॉर्निआला बुबुळ म्हणतो, कुणी त्यामागच्या रंगीत भागाला, कुणी दोन्हींना मिळून. या पुस्तकात तो फक्त रंगीत भागासाठी वापरला आहे, आणि रुग्णाने ‘बुबुळात काही गेलं’ असे म्हटले तर त्याने कोणता अर्थ धरला आहे, हे वाचकाने त्यालाच विचारावे.